ब्राझीलचं लाकूड आणि गिटारचा आवाज

सेकंडहँड पण उंची अकूस्टिक गिटार घ्यायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: मार्टिन घ्यायची तर 1969पर्यंतची घे, ब्राझिलियन रोझवूडची, पुढच्या भारतीय रोझवूडच्या गिटारमध्ये तो आवाज नाही. सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की एरवी एकसारख्याच असलेल्या दोन गिटारपैकी ब्राझिलियन लाकडाच्या गिटारला लोक दुप्पट किंवा त्याहूनही जास्त पैसे मोजतात. ज्याला कमी लेखलं जातं ते भारतीय रोझवूड म्हणजे आपलं शिसवी लाकूड. ते दक्षिण भारतातून आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातून येतं, आणि ब्राझीलच्या झाडाचा तो एकाच कुळातला भाऊ आहे. मार्टिन कंपनीने 1969मध्ये लाकूड बदललं ते आवाजाची तुलना करून नव्हे. ब्राझीलने अखंड ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधनं आणली, चांगलं लाकूड मिळेनासं झालं, म्हणून बदललं. पुरवठ्याच्या अडचणीतून घेतलेला निर्णय पुढे दर्जाची सीमारेषा म्हणून मिरवला गेला, आणि आजही तो तसाच पुढे सरकवला जातो.

गिटारमध्ये तारांचं कंपन ब्रिजमधून वरच्या पातळ फळीत, म्हणजे टॉपमध्ये उतरतं. आवाजाचा मोठा भाग ती फळी आणि तिच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्ट्या, म्हणजे ब्रेसिंग, ठरवतात. फळीची जाडी थोडी बदलली तरी तिचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. पाठीचं आणि बाजूंचं काम त्या मानाने दुय्यम. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने 1862मध्येच एका गिटारची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून हे दाखवायचा प्रयत्न केला होता. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. एका कारागिराचा प्रयोग कुणाला पुरेसा वाटणार नाही, म्हणून 2018मध्ये अमेरिकेच्या अकूस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलेली चाचणी बघा. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांसाठी रॉजर बकनॉल या कारागिराने सहा गिटार बनवल्या. फरक ठेवला तो फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडात: ब्राझिलियन रोझवूड, भारतीय रोझवूड, महोगनी, मेपल, सापेले आणि अक्रोड. 52 वादकांनी त्या मंद उजेडात, वेल्डरचे काळे चष्मे घालून वाजवल्या. सगळ्या गिटारना जवळपास सारखेच गुण मिळाले. दुसऱ्या 31 वादकांना नुसता दोन गिटारमधला फरक ओळखायला सांगितलं, तर तेही त्यांना सहजासहजी जमलं नाही.

यावर पहिला आक्षेप असा असतो की ब्राझिलियन लाकडाच्या पट्टीवर टिचकी मारली तर ती घंटेसारखी वाजते. वाजते, खरं आहे. त्या लाकडात कंपन हळू विरतं. पण सुटी पट्टी वेगळी आणि कडेने चिकटवलेली, आतून ब्रेस लावलेली पाठ वेगळी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मार्टिनच्या डी-28 या मॉडेलच्या 1930च्या दशकातल्या गिटारचा आवाज जाणकारांनी पिढ्यानपिढ्या वाखाणला आहे, ते सगळे चुकले का? नाही, त्यांचे कान बरोबर आहेत. श्रेय मात्र चुकीच्या लाकडाला मिळालं. त्या गिटारचं ब्रेसिंग कोरून हलकं केलेलं असे आणि टॉप अ‍ॅडिराँडॅक स्प्रूसचा. 1944मध्ये मार्टिनने ब्रेसिंग कोरणं बंद केलं, पुढे टॉपही सिटका स्प्रूसचा झाला, आणि 1968च्या सुमारास ब्रिजखालची लहान मेपलची पट्टी जाऊन तिथे मोठी रोझवूडची आली. म्हणजे 1969ची ब्राझिलियन डी-28 बांधणीने 1938च्या गिटारची नव्हे, 1970च्या भारतीय रोझवूडवाल्या गिटारची सख्खी बहीण आहे. पैसे मात्र 1938च्या कीर्तीचे मागितले जातात. एका चाचणीवरून जगातल्या सगळ्या लाकडांचा निकाल लागत नाही, हेही मान्य. पण ज्याला किंमत दुप्पट लावायची आहे, पुरावा त्याने द्यायचा.

दुर्मीळ वस्तू म्हणून संग्रहासाठी ब्राझिलियन गिटार घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, पण कागद बघून. ब्राझिलियन रोझवूडचं झाड 1992पासून साइट्स या, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. 2019मध्ये तयार वाद्यांना जी सूट मिळाली ती बाकीच्या रोझवूडला, ब्राझिलियनला नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकाला येताना सोबत आणायला सांगण्याआधी हे त्यालाही कळवा, कारण परवान्यांशिवाय गिटार सीमेवर जप्त होऊ शकते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ब्रिजमागे टॉप जरासा फुगलेला असणं हा दोष नाही. तारांच्या ताणाने तो तसा होतोच. नीट दुरुस्त केलेली चीर आवाज मारत नाही, ती भाव करायला उपयोगी पडते. तारा फार उंच असतील तर ‘ट्रस रॉड फिरवला की झालं’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. नेकच्या आत बसवलेला हा रॉड नेकचा बाक सुधारतो, नेक बसवल्याचा कोन नाही. मार्टिनची आजीवन वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, ती तुमच्याकडे येत नाही.

नेकच्या कोनाकडे मात्र वेळ काढून बघा, कारण तिथेच खरा खर्च दडलेला असतो. फ्रेटवर सरळ पट्टी ठेवली तर तिचं टोक साधारण ब्रिजच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. ते बरंच खाली जात असेल आणि सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) आधीच घासून घासून ब्रिजला टेकलं असेल, तर नेक काढून पुन्हा बसवावा लागणार. ते काम कसलेल्या कारागिराचं आहे, आपल्याकडे असे कारागीर मोजकेच आहेत, आणि तो खर्च मागितलेल्या किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. मग आत आरसा घालून ब्रेस सुटलेत का आणि ब्रिजखालची पट्टी चिरली आहे का ते पाहा. गिटारना साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या गिटारमध्ये सुटलेला डिंक आणि उचललेला ब्रिज आधी शोधावा, पाठीच्या लाकडाचं नाव नंतर विचारावं.