अनुभव आहे, नेमणूक नाही

सुरतेतील लिंबायत हा भाग आमच्या वाचकांस नव्याने परिचित करून द्यावा असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापीच्या खोऱ्यातून लोहमार्ग निघाला. पुढे त्याच वाटेने नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, जळगाव या बाजूंची माणसे पोटापाण्यासाठी सुरतेस आली. यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या मिला आणि साड्यांचा बाजार यांनी त्यांना काम दिले; लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या वस्त्यांनी निवारा दिला. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी अशा चार भाषांत येथील संसार चालतात. मागावर राबणाऱ्या पुरुषांच्या कष्टांविषयी बोलले जाते, लिहिलेही जाते. याच घरांतून रोज पांढरा किंवा निळा गणवेश पिशवीत घालून बाहेर पडणाऱ्या भगिनींविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. आम्ही म्हणतो त्या आहेत शिकलेल्या, अनुभवी परिचारिका.

वाचक म्हणतील, परिचारिकेला कामाची काय वाण? इस्पितळे तर गल्लोगल्ली निघत आहेत. हा प्रश्न रास्त आहे आणि खरी मेख त्यातच आहे. हजार लोकसंख्येमागे तीन परिचारिका असाव्यात असे प्रमाण मानले जाते. आपल्या देशात ते दोनच्या आसपास आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अहवालाने जगात ५९ लाख परिचारिकांची उणीव असल्याचे सांगितले. इतकी उणीव असूनही पंधरा-वीस वर्षे रुग्णसेवा केलेली बाई स्थिर नोकरीसाठी दारोदार हिंडते, ही विसंगती उलगडण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

एका भगिनीची वाटचाल

आमच्या परिचयातील एका भगिनीचे उदाहरण घ्यावे. त्यांच्या इच्छेनुसार नाव देत नाही. माहेर खानदेशातले, शिक्षण तेथील जिल्ह्याच्या ठिकाणी, जनरल नर्सिंग आणि मिडवायफरीचे. लग्नानंतर लिंबायतेस आल्या. गेल्या सतरा वर्षांत त्यांनी पाच खाजगी इस्पितळांत काम केले. शस्त्रक्रियेची तयारी, बाळंतपण, अपघाताचे रुग्ण, लहान मुलांचे सलाइन यांपैकी कशातही त्यांचा हात अडत नाही. शीर सापडत नसली की नवखे डॉक्टरही "सिस्टर, जरा तुम्हीच बघा" म्हणून त्यांनाच हाक मारीत.

पण या पाचांपैकी एकाही ठिकाणी त्यांना नेमणूकपत्र मिळाले नाही. पगार रोख हाती पडे. वहीवर सही होई. सही केलेली रक्कम आणि हाती पडलेली रक्कम एकच असे असेही नाही. एक इस्पितळ मालकांच्या आपसातील वादात बंद पडले. दुसऱ्या ठिकाणी बाळंतपणाची रजा मागताच "आता घरीच आराम करा" असे गोड शब्दांत सांगण्यात आले. तिसऱ्या ठिकाणी पगारवाढ मागितली, तेव्हा त्यांच्या जागी निम्म्या पगारावर दोन मुली आल्या. त्या मुलींचे कोणतेही रीतसर प्रशिक्षण झालेले नव्हते. चार महिने शेजारी उभे राहून त्या इंजेक्शन द्यावयास शिकल्या होत्या.

करोनाच्या साथीत मात्र याच भगिनीस घरी बोलावणे आले. एका एजन्सीमार्फत कंत्राटावर घेतले. त्या काळात त्या मुलांपासून दूर, वेगळ्या खोलीत राहिल्या. सासूबाई दाराबाहेर ताट ठेवून जात. साथ ओसरली आणि कंत्राटही संपले. ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने जाहीर केले होते की, करोनाच्या कामात शंभर दिवस पुरे करणाऱ्यांस पुढील सरकारी भरतीत अग्रक्रम मिळेल. आमच्या या भगिनींनी अर्ज काढून पाहिला, तेव्हा वयाची अट आधीच ओलांडली होती. आज त्या एका ब्यूरोमार्फत घरोघरी आजारी वृद्धांची शुश्रूषा करतात. पाळी बारा तासांची, मोबदला रोजचा. रुग्ण बरा झाला किंवा देवाघरी गेला की दुसऱ्या दिवसापासून काम बंद.

अडचणीची मुळे

त्यांची ही कथा एकटीची नाही, आणि तिला दुर्दैव म्हणून सोडून देता येणार नाही. तिची कारणे स्पष्ट दिसतात.

पहिले कारण नोंदणीचे. १ मे १९६० पूर्वी धुळे आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. आता दोन राज्ये, दोन कौन्सिले. महाराष्ट्रात नोंद झालेल्या परिचारिकेने गुजरातेत रीतसर काम करावयाचे तर तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून गुजरात नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. लग्न, नाव-बदल, नवे घर या गडबडीत हे राहून जाते. नोंदणी नसली की मोठे इस्पितळ दार उघडत नाही आणि लहान इस्पितळ तिच्या या उणिवेचा फायदा घेते.

दुसरे कारण लहान इस्पितळांच्या अर्थकारणाचे. पंधरा-वीस खाटांच्या जागेत खर्च कमी करावयाचा म्हटला की पहिली कात्री परिचारिकेच्या पगारावर चालते. यंत्राचा हप्ता चुकवता येत नाही, जागेचे भाडे चुकवता येत नाही. अनुभव जितका अधिक तितकी परिचारिका महाग. म्हणून अनुभव हाच तिच्या मार्गातील धोंडा होऊन बसतो. दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात असा उफराटा न्याय क्वचितच दिसेल.

तिसरे कारण कागदाचे. सतरा वर्षांचा अनुभव हातात आहे, पण कागदावर नाही. बंद पडलेल्या इस्पितळाचा दाखला आणावा कोठून? रागावलेल्या मालकाकडे मागावा कसा? मुलाखतीत "अनुभवाचे प्रमाणपत्र?" असे विचारले की ही बाई नवशिक्या मुलीच्या रांगेत जाऊन बसते.

न्यायालयाने काय केले

या प्रश्नाची दखल कोणीच घेतली नाही असे मात्र नाही. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारला तज्ज्ञांची समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीच्या शिफारशी प्रत्येक परिचारिकेच्या घरी ठाऊक असाव्यात अशा आहेत. दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी इस्पितळात परिचारिकेचा पगार त्या राज्यातील सरकारी परिचारिकेइतका असावा. शंभरहून अधिक खाटा असतील तर तो सरकारी पगाराहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावा. पन्नास ते शंभर खाटांच्या ठिकाणी पंचवीस टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावा. पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही महिना वीस हजारांच्या खाली कोणासही राबवू नये. रजा, कामाचे तास, वैद्यकीय सोय यांतही सरकारी धोरणच पाळावे.

शिफारस झाली; अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली. केरळात परिचारिका एकजुटीने उभ्या राहिल्या, संपाची हाक दिली, आणि २०१८ साली तेथील सरकारने खाजगी इस्पितळांसाठी किमान वेतनाची अधिसूचना काढली. लहानात लहान इस्पितळातही मूळ पगार वीस हजार ठरला. आमच्या लिंबायतेतील भगिनींस मात्र या समितीचे नावही माहीत नाही. पाच इस्पितळांत पाच जणी विखुरलेल्या. एकीची दुसरीशी ओळख नाही. मग दाद मागणार कोण आणि कोणाकडे?

करता येण्याजोगे काही

उपाय सोपे नाहीत, पण काही गोष्टी आजच हातात आहेत. महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येक परिचारिकेने प्रथम आपली नोंदणी गुजरातेत करून घ्यावी आणि दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण चुकवू नये. काम सोडताना दाखला मागण्यापेक्षा काम करीत असतानाच दरवर्षी एक दाखला लिहून घ्यावा; तेव्हा मालकास तिची गरज असते. पगार बँकेत जमा करण्याचा आग्रह धरावा, कारण बँकेचे पुस्तक हाही पुरावाच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या असून त्यांत प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे. वीस किंवा अधिक माणसे कामावर असतील तेथे भविष्य निर्वाह निधी लागू होतो. दहा किंवा अधिक असतील तेथे बाळंतपणाच्या पगारी रजेचा हक्क आहे, आणि पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची आहे. या गोष्टी मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

घरच्यांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. रात्रपाळी आली की सुनेने नोकरी सोडावी आणि मुले मोठी झाली की पुन्हा शोधावी, असा आपल्याकडे परिपाठ आहे. मधल्या खंडाची किंमत तिला पुढे वीस वर्षे मोजावी लागते. रात्रपाळीला जाणाऱ्या सुनेचे मूल सासूने सांभाळले आणि नवऱ्याने सकाळचा डबा केला, तर घराचे काही बिघडत नाही. तिची नोकरी मात्र टिकते.

मंडळांकडे आमची एक विनंती आहे. गणेशोत्सव आणि हळदीकुंकू यांसाठी आपण वर्गणी जमवितो, ते योग्यच आहे. त्याबरोबर वस्तीतील परिचारिकांची एक यादी करावी, महिन्यातून एकदा त्यांना एकत्र बसवावे, नोंदणीचे अर्ज भरण्यास कोणी जाणता माणूस द्यावा, सरकारी आणि महानगरपालिकेच्या भरतीची जाहिरात वयाची मर्यादा ओलांडण्यापूर्वी त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभारले आणि परिचारिकेच्या कामाला नाक मुरडणाऱ्या समाजातील स्त्रियांस ससून रुग्णालयात शिकावयास पाठविले. शिक्षणाचे दार त्या पिढीने उघडून दिले. स्थिर आणि सन्मानाच्या नोकरीचे काम आपल्या वाट्याचे आहे.

आणि आपल्या समाजातील जे डॉक्टर सुरतेत स्वतःची इस्पितळे चालवितात, त्यांच्यापुढेही आम्ही हा प्रश्न ठेवतो. लिंबायतेच्या रुग्णास आपल्या अहिराणीत "काय व्हस रे भाऊ?" असे विचारणारी, त्याचे दुखणे डॉक्टरांना गुजरातीत आणि औषधाची चिठ्ठी त्याला मराठीत समजावून सांगणारी परिचारिका दुसरीकडून कोठून मिळणार? तिला एक नेमणूकपत्र द्यावे. त्याला एक कागद आणि एक सही लागते.