दराच्या मेसेजमध्ये कोणती चलनं, आणि का?



रोज दुपारी ग्रुपवर परकीय चलनांचे दर येतात. यादी लांब असते, आणि "यातला आपल्या कामाचा आकडा कोणता?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून सोमवारपासून यादीत तीनच चलनं राहतील: *डॉलर, युरो आणि पौंड.* ही निवड कशी केली ते समजून घ्या, म्हणजे पट्टी तपासताना गफलत होणार नाही.

*१) बिल कोणत्या चलनात झालं ते बघा*
माल कोणत्या देशात गेला यावरून चलन ठरत नाही. बांगलादेशला गेलेल्या द्राक्षाचा किंवा मलेशियाला गेलेल्या कांद्याचा सौदा बहुधा डॉलरमध्येच होतो. म्हणून टाका किंवा रिंगिट दाखवून उपयोग नाही. नेदरलँड्स, जर्मनीकडचा माल साधारण युरोत, तर ब्रिटनचा पौंडात. आपल्या द्राक्षाचे बहुतेक सौदे या तिघांत बसतात.

*२) दुबईला माल जातो, मग दिरहम का काढला?*
कारण दिरहम डॉलरला बांधलेला आहे. १९९७ पासून १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, हे प्रमाण बदललेलं नाही. डॉलरच्या दराला ३.६७२५ ने भागा, दिरहमचा दर निघाला. समजा डॉलर ९० रुपये आहे, तर दिरहम साधारण साडेचोवीस रुपये. सौदीचा रियालही असाच, १ डॉलरला ३.७५.

*३) येन का नको?*
भारतात रुपयाचे संदर्भ दर 'फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया' ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास जाहीर करते. त्यात डॉलर, युरो, पौंडासोबत येनही असतो. पण येनचा दर १०० येनसाठी लिहितात, त्यामुळे वाचताना घोटाळा होतो. शिवाय आपल्या सभासदांचं येनमध्ये बिल होत नाही.

*४) मग एकटा डॉलर बघून भागणार नाही का?*
नाही. २०२२ सालच बघा. जानेवारीत डॉलर ७४-७५ रुपयांना होता, जुलैत ८० पर्यंत गेला. सगळे म्हणाले, रुपया पडला, निर्यातदाराची चांदी! पण त्याच काळात युरो ८४ च्या आसपासवरून ८०-८१ वर उतरला, कारण डॉलरपुढे युरो रुपयापेक्षाही जास्त पडला होता. हिशेब करा: २०,००० युरोचं बिल ८४ ने १६ लाख ८० हजार होतं, ८१ ने १६ लाख २० हजार. *६० हजारांचा फरक.* युरोत बिल असलेल्याने डॉलरकडे बघून खर्चाचं गणित मांडलं असेल, तर ते चुकणारच.

*५) मेसेजमधला दर तुमच्या हातात पडत नाही*
हा संदर्भ दर आहे. बँक आलेले डॉलर किंवा युरो आपल्याकडून थोड्या कमी दराने घेते, वर तिचे चार्जेस वेगळे. त्यामुळे पट्टीतला दर मेसेजपेक्षा काही पैशांनी कमी दिसला, तर लगेच फसवणूक समजू नका. पण फरक मोठा असेल तर जरूर विचारा. २०,००० युरोवर २५ पैसे म्हणजे ५,००० रुपये होतात.

*सौदा करताना या तीन गोष्टी लिहून घ्या:*
✅ बिल कोणत्या चलनात होणार?
✅ रुपये करताना दर कोणत्या दिवसाचा धरणार? माल भरल्याच्या, की पैसे बँकेत जमा झाल्याच्या?
✅ बँकेने दिलेल्या दराच्या कागदाची प्रत मिळणार का?

बागेवर रुपयांत भाव ठरून व्यवहार मिटला असेल, तर दराची चढ-उतार निर्यातदाराची. पण परदेशात विक्री झाल्यावर हिशेब होणार असेल, तर नफा-तोटा दोन्ही तुमच्याही अंगावर येतो. अशा सभासदांनी मेसेज रोज बघावा.

आणि जे निर्यात करत नाहीत त्यांनीही डॉलरवर नजर ठेवा. पोटॅश आपल्याकडे जवळपास सगळं बाहेरून येतं. डॉलर चढला की खतं मागवण्याचा खर्चही चढतो.

करारपत्रातलं चलन किंवा दराची अट कळत नसेल, तर सही करण्याआधी कागद घेऊन कंपनीच्या कार्यालयात या. सही झाल्यावर मग हातात फारसं काही राहत नाही.

🙏 हा मेसेज आपल्या गटातल्या इतर शेतकऱ्यांनाही पाठवा.