वंगणाच्या डब्यावरील अक्षरे

मोटारसायकलसाठी स्वस्त इंजिन ऑइल पुरेसे ठरते काय, हा प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा. तथापि त्याचे उत्तर बव्हंशी डब्यावरील अक्षरांच्या वाचनावर अवलंबून असल्याने अर्थविचाराच्या अभ्यासकासही तो परका नाही. ‘स्वस्त’ या एका विशेषणाखाली व्यवहारात तीन भिन्न वस्तू येतात : योग्य प्रतीचे पण अल्प किमतीचे खनिज तेल, मोटारगाडीसाठी बनविलेले तेल, आणि नामांकित डब्यात भरलेले बनावट तेल. या तिहींचा निवाडा एकाच शब्दाने केला जातो, म्हणूनच वाद मिटत नाही.

बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, गिअर व क्लच या तिघांना एकच तेल पुरविले जाते. क्लच तेलात भिजलेला असतो, आणि त्याचे कार्य तर घर्षणावरच चालते. मोटारगाडीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती येथे पडली की क्लच घसरू लागतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र चढावर मागे राहते. याच कारणास्तव जपानमध्ये १९९८ साली ‘जासो’ मानक निघाले. त्यातील ‘एमए’ हा वर्ग अधिक घर्षणाचा, ‘एमबी’ कमी घर्षणाचा. २००६ साली ‘एमए१’ व ‘एमए२’ हे पोटभेद झाले. ‘एमबी’ तेल कोरडा क्लच असलेल्या बिनगिअरच्या स्कूटरला चालते. अर्थात मोटारगाडीचे महागडे तेल येथे अयोग्य आणि ‘एमए’ वर्गातील स्वस्त तेल योग्य, असे सहज घडू शकते.

‘२०डब्ल्यू-४०’ या चिन्हातील ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचे आद्याक्षर होय. त्यास वजनवाचक मानणे ही निव्वळ लोकव्युत्पत्ती. पहिला अंक थंडीतील वागणूक दर्शवितो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला असणारा दाटपणा. हे अंक प्रतवारीचे नव्हेत. ‘५०’ हे ‘३०’ पेक्षा सरस नाही. निर्मात्याच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० सांगितले असता अधिक दाट तेल घालणे म्हणजे इंधनाचा अपव्यय होय. उलट ‘एसएल’ (२००१), ‘एसएन’ (२०१०), ‘एसपी’ (२०२०) ही अमेरिकी अक्षरे खरोखरच चढत्या क्रमाची आहेत. मधली काही अक्षरे मात्र गाळलेली आढळतात.

‘अमुक मानकास अनुरूप’ हे वाक्य उत्पादकाचे स्वतःचे विधान असते. परवान्याने छापलेली वर्तुळाकार मुद्रा हे त्याहून निराळे वचन. बनावट डब्यावर दोन्ही असू शकतात, त्यामुळे तेथे वाचन निरुपयोगी ठरते आणि दुकानाची विश्वासार्हता तेवढी उरते.

सिंथेटिक तेल उष्णतेत अधिक काळ टिकते, हे खरे. परंतु गिअरचे दाते तेलातील दाटपणा राखणाऱ्या दीर्घ रेणूंचे तुकडे करीतच असतात. म्हणून १०० सीसीच्या रोजच्या गाडीस पुस्तिकेत सांगितलेले साधे तेल वेळेवर बदलणे पुरेसे. महाग तेल मुदतीपलीकडे चालविणे अधिक घातक. अशा इंजिनात तेल जेमतेम लिटरभर मावते, तेव्हा पाव लिटर जळाले तरी चतुर्थांश वंगण गेले. दिवसभर माल पोहोचविणाऱ्याने तेलाची पट्टी आठवड्यास एकदा तरी पाहावी.