बोट निघाली हायवेला!

पाण्यात बोट बुडू नये म्हणून सगळेच जपतात. पण पाण्यापर्यंत पोहोचण्याआधी, भर हायवेवर तिचं आणि तिच्या कव्हरचं काय होतं? चार मराठी टाळक्यांना बसलेला हा धडा!

२०१८चा जुलै. आम्ही चौघं मिनियापोलिसमध्ये ऑनसाइट. दर सोमवारी ऑफिसमध्ये कॉफीच्या मशीनपाशी एकच विषय : वीकेंडला लेकवर काय धमाल केली! मिनेसोटा म्हणजे दहा हजार तळ्यांचं राज्य. गाडीच्या नंबरप्लेटवरच तसं छापलेलं असतं. मग आपणच का मागे राहायचं? चौघांनी काँट्री काढली आणि सतरा फुटी, सेकंडहँड फायबरची बोट घेतली. सोबत ट्रेलर मिळाला. कव्हर मात्र नव्हतं.

‘‘त्याचं टेन्शन नको,’’ आमचा मालवणचा मित्र म्हणाला. ‘‘होडी शाकारायचं काम माझ्याकडे.’’

पठ्ठ्याचं लहानपण किनाऱ्यावर गेलेलं. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढायच्या, बांबूचा सांगाडा करायचा, त्यावर झावळ्या नाहीतर ताडपत्री घालून होडी शाकारून टाकायची, हे त्याने आजोबांबरोबर केलेलं. हार्डवेअरच्या दुकानातून निळी ताडपत्री आणि नायलॉनची दोरी आली. तासाभरात आमची बोट एकदम पॅकबंद. फोटो काढले, घरी पाठवले, आणि आम्ही निघालो मिल लॅक्सला. पाचशे चौरस किलोमीटरहून मोठं तळं, उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटर.

फट, फट, फट...

शहरात सगळं ठीक होतं. एल्क रिव्हर मागे पडलं, १६९ नंबरचा हायवे मोकळा झाला, गाडीने ताशी साठ मैल गाठले आणि मागून आवाज सुरू झाला. फट, फट, फट. आम्ही काय केलं असेल? गाण्याचा आवाज वाढवला!

अर्ध्या तासाने एक मोठा ट्रक शेजारून सुसाट गेला. त्याच्या झोताने ताडपत्रीची एक कड उचलली गेली, कडी उपटली, आणि पुढच्या क्षणी अख्खी ताडपत्री शिडासारखी फुगली. आतली सीटची गादी उडून रस्त्यावर पडली. मागच्या गाडीने करकचून ब्रेक मारला आणि शेजारच्या लेनमध्ये उडी घेतली. नशीब, ती लेन रिकामी होती.

आम्ही कडेला थांबलो. ती गाडीही पुढे जाऊन थांबली. एक बाई उतरून चालत आल्या. मागच्या सीटवर त्यांची छोटी मुलगी होती. आता चांगलंच ऐकावं लागणार, म्हणून आम्ही माना खाली घातल्या. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘तुम्ही सगळे ठीक आहात ना?’’

खरं सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ताडपत्री फाटली होती, गादी गेली होती. शिवाय बोटीच्या एका बाजूचा वीतभर पट्टा पांढुरका पडला होता. फायबरवरच्या चकचकीत थराला जेलकोट म्हणतात. फडफडणारी कड आणि तिच्याखाली अडकलेली धूळ, यांनी अर्धा तास त्या थरावर पॉलिशपेपर मारला होता. बोट वाचवायला घातलेल्या आवरणानेच बोट खरवडली!

उभी होडी आणि पळती होडी

त्या रात्री मित्राने घरी फोन लावला. स्पीकरवर त्याचे आजोबा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘अरे झिला, उभ्या होडयेक झाकतत. धावत्या होडयेक बांधतत!’’

अख्ख्या विषयाचा फंडा या एका वाक्यात आहे. उभ्या बोटीचं कव्हर पाऊस आणि ऊन अडवतं, त्यामुळे ते थोडं सैल असलं तरी चालतं. रस्त्यावर मात्र शत्रू असतो वारा, आणि त्याचं गणित बेकार आहे. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. म्हणून शहरातल्या तीस मैलांना गप्प बसलेली ताडपत्री हायवेच्या साठला अंगात आल्यासारखी नाचते.

टोइंगसाठी वेगळं कव्हर मिळतं. ते बोटीच्या मापाचं, अंगासरशी बसणारं असतं. कडेच्या नेफ्यातून दोरी किंवा पट्टा ओवलेला असतो, तो आवळला की कड बोटीला घट्ट धरते. कडेला ठिकठिकाणी फासे असतात, त्यातून पट्टे घेऊन ते ट्रेलरच्या लोखंडी चौकटीला बांधायचे. बऱ्याच कव्हरना झडपा असतात, म्हणजे आत शिरलेली हवा बाहेर पडते आणि कव्हरचा फुगा होत नाही.

पट्टे ताणण्याआधी टोकदार जागा शोधा. समोरच्या काचेचे कोपरे, दोरी बांधायच्या खुंट्या, मोटरची कड. कव्हर फाटायला सुरुवात होते ती इथूनच. तिथे आतून जुना टॉवेल किंवा फोम गुंडाळा. पट्ट्याचं धातूचं बक्कल बोटीच्या अंगावर आपटत राहणार नाही, असं खाली घ्या. लांब पट्टा वाऱ्यात गुणगुणत थरथरत असेल तर त्याला एक पीळ द्या, थरथर कमी होते. आणि हुकवाल्या रबरी दोऱ्यांवर भरवसा ठेवू नका. त्या ताणल्या जातात, म्हणजे पुन्हा ढिलाई आलीच.

आणखी एक गैरसमज : कव्हरचे पट्टे बोट धरून ठेवत नाहीत! त्यासाठी पुढे विंचचा पट्टा, शिवाय वेगळी सेफ्टी चेन आणि मागच्या दोन कोपऱ्यांना दोन स्वतंत्र पट्टे लागतात. एक गळपटलं तर दुसरं हवं. मोटर वर उचलून लॉक करायची, नाहीतर खड्ड्यात तिचा पंखा रस्त्याला टेकतो.

पाण्याचंही बघा. कव्हरच्या मध्ये टेकू नसेल तर पावसाचं तळं साचतं. एक लिटर म्हणजे एक किलो, असे पन्नास लिटर वर घेऊन निघालात तर कापड आणि शिवण दोन्ही संपली. ओली बोट तशीच झाकली तर आत बुरशी धरते, म्हणून आधी पुसून घ्या. बोटीच्या तळाचा ड्रेन प्लगही काढा. मिनेसोटात तर रस्त्यावरून नेताना तो काढलेला असणं कायद्यानेच सक्तीचं आहे, कारण उरलेल्या पाण्यातून झेब्रा मसल नावाचे उपद्रवी शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात पोहोचतात. मिल लॅक्समध्ये ते २००५ साली सापडले.

निघण्याआधी पाच मिनिटं

- गाद्या, लाइफ जॅकेट, कूलर, वल्ही : सुटं सामान गाडीच्या डिकीत. बोटीत काहीही मोकळं नको.
- बोटीभोवती फेरी मारा. कव्हर चिमटीत धरून ओढा. हातात आलं, तर वाऱ्याच्याही हातात येणार.
- टायरची हवा, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर तपासा.
- पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबाच. पट्टे जागेवर बसताना थोडे सैल होतात, ते पुन्हा आवळा.
- प्रत्येक पेट्रोल स्टॉपला हीच फेरी. चाकाच्या मध्याजवळ हात नेऊन बघा. कोमट चालेल, पण चटका जाणवला तर बेअरिंगचा काहीतरी लोचा आहे.
- वाटेत कव्हर फाटलंच तर गाठी मारत बसू नका. सुरक्षित जागी थांबा आणि काढूनच टाका. आतून रिकामी, उघडी बोट परवडली, सैल कव्हर नाही.

परत येताना आम्ही तेच केलं. ताडपत्रीचं बोचकं डिकीत, बोट उघडी, आणि गाडीत चिडीचूप. पुढच्या पगाराला पहिलं काय घेतलं असेल, तर मापाचं कव्हर. तो पांढुरका पट्टा मात्र आम्ही मुद्दामच पॉलिश करून घेतला नाही.

आता आम्ही चौघंही परत आलोय. मुंबई-पुण्यात आपल्यापैकी कितीजण बोट ओढत नेणार? पण घर शिफ्ट करताना टेम्पोवर ताडपत्री बांधतोच, कॅरिअरवर बॅगा चढवतोच. आणि मागे कोणीतरी लेकरू घेऊन गाडी चालवत असतंच. तेव्हा पुढच्या वेळी हायवेवर मागून फट फट ऐकू आलं, तर गाण्याचा आवाज वाढवू नका. बंद करा, आणि गाडी बाजूला घ्या.