राजमाची : बोरघाटावरची जागती नजर

खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर रविवारी गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. भाजलेलं कणीस, कांदाभजी, दरीकडे पाठ करून काढलेला फोटो, आणि मंडळी पुढे निघतात. दरीपलीकडे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या ज्या दोन शिखरांमुळे या जागेला नाव मिळालं, ती बहुतेकांच्या गावीही नसतात. राजमाची पाहायची तर त्या शिखरांवर जाऊन इकडे पाहायला हवं. हा किल्ला नेमका तिथेच का, हे मग कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दोन्ही शिखरं म्हणजे बालेकिल्ले. श्रीवर्धन उंच, सुमारे ९०० मीटर. मनरंजन त्याहून बुटका. मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आणि खालच्या माचीवर उधेवाडी हे छोटं गाव. श्रीवर्धनचा दरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडवलाय, की अगदी जवळ जाईपर्यंत वाट कुठे वळते ते कळत नाही. वर तटाला लागून फिरत राहायचं. वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतात आणि पावलागणिक समोरचा देखावा बदलतो. वायव्येला माथेरान आणि प्रबळगड, उत्तरेकडे ढाकचा डोंगर, आग्नेयेला लोहगड-विसापूर. दक्षिणेला उल्हास नदीचं खोल खोरं आणि त्याच्या पलीकडच्या काठावर खंडाळा. हवा स्वच्छ असेल तर नागफणीचं टोकही ओळखता येतं.

या खोऱ्याच्या कडेनेच बोरघाट चढतो. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल देशावर न्यायचा, तर सह्याद्री ओलांडण्यासाठी ज्या मोजक्या वाटा होत्या त्यांत ही महत्त्वाची. या वाटांच्या आधाराने कार्ले, भाजे, बेडसे इथली लेणी कोरली गेली आणि राजमाचीच्या पोटात, कोंडाण्याचीही. कोंडाण्याचा चैत्य दोन हजारांहून अधिक वर्षांचा. त्याच्या दर्शनी भागावर लाकडी कमानी, कठडे, तुळया सगळं हुबेहूब आहे, फक्त दगडात. सुतारकामाची सवय लागलेल्या हातांनी छिन्नी धरली असावी, असं वाटत राहतं. डाव्या अंगाला एका भग्न यक्षमूर्तीचा मुखवटा उरलाय. त्याच्याजवळ ब्राह्मीत एक ओळ कोरलेली आहे : कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. एवढ्या जुन्या काळातल्या कारागिराचं नाव हाती लागणं हे भाग्यच. तरी लेणं पाहायला येणाऱ्यांतले निम्मे लोक धबधब्याखाली भिजून परत जातात.

किल्ल्याच्या इतिहासात मात्र रक्तपातापेक्षा हातबदल जास्त. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा मुलूख घेताना शिवरायांनी या भागातले किल्लेही ताब्यात घेतले, त्यात राजमाची होती. १७१३ मध्ये ती कान्होजी आंग्र्यांकडे आली, १७३० मध्ये पहिल्या बाजीरावाकडे गेली आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे. सगळ्यात नाट्यमय प्रसंग १७७६ चा. पानिपतात पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असं सांगणारा एक तोतया रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणात त्याच्याभोवती फौज जमली आणि त्याने थेट राजमाची गाठली. पुणे दरबाराचे धाबे दणाणले ते उगीच नाही. राजमाची हाती असलेल्याला घाट अडवता येतो आणि घाटमाथ्यावरून पुण्याचा रस्ता सरळ आहे. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याला पिटाळलं. शेवटी तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झालं.

इंग्रजांच्या काळात गडावरचा राबता गेला, पण खालच्या वाटेची वर्दळ वाढतच गेली. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे आली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. डोंगर तोच, फट तीच. मुंबई-पुण्याची बरीचशी धावपळ आजही त्याच चिंचोळ्या घाटातून जाते.

उधेवाडी मात्र या धावपळीपासून अलिप्त राहिली. गो. नी. दांडेकरांनी ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी इथेच घडवली, मुंबई सोडून माचीवर परतलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट. आता घराघरांत पर्यटकांसाठी जेवण रांधलं जातं, मे-जूनमध्ये काजवे पाहायला तर झुंबड उडते. पहिल्या पावसाच्या आधी झाडंच्या झाडं एका लयीत उजळतात आणि विझतात, ते पाहण्याजोगं आहेच. पण नर काजवा चमकतो तो मादीला खूण पटावी म्हणून. त्याच्यावर टॉर्च मारणं, गाडीचे दिवे रोखणं म्हणजे त्यांच्या संसारात विघ्न आणणंच. गर्दीचे शनिवार-रविवार टाळून गेलात तर काजव्यांचंही भलं आणि तुमचंही.

जायला वाटा दोन. लोणावळ्याहून तुंगार्ली, वळवण, फणसराई करत पंधराएक किलोमीटरची कच्ची वाट. चाल लांब, पण चढ बेताचा. पावसाळ्यात या वाटेवर गाडीचा भरवसा धरू नका. दुसरी कर्जतहून कोंदिवड्यामार्गे कोंडाणे लेण्यांवरून, दोन-अडीच तासांची खडी चढण, पावसात निसरडी. पायांत दम असेल तर कर्जतकडून चढून लोणावळ्याला उतरावं, म्हणजे सकाळच्या ताज्या दमात लेणीही होतात. मुक्काम करायचा असेल तर गावात आधी निरोप धाडा, नाहीतर रात्री उशिरा पिठलं-भाकरीसाठी कुणाला तरी झोपेतून उठवावं लागतं.