कँडीचा हत्ती आणि ढोलवाले

श्रीलंकेत १९५० साली बाबासाहेब गेले, ते तेथे धम्म कितपत जिवंत आहे हे पाहायला. कँडीला जाणाऱ्या बंधुभगिनींनीही तसेच पाहावे. दंतधातू विहारात वंदन करावे, शेजारच्या संग्रहालयात देशोदेशीचा बौद्ध वारसा पाहावा. जुलै-ऑगस्टमध्ये पेराहेराची मिरवणूक निघते. मशाली, नर्तक, करंडक वाहणारा सजवलेला हत्ती. पोरे तर हरखूनच जातात!

मग तळ्याकाठच्या मल्वत्त विहारात जा. सयामच्या उपाली थेरांनी १७५३ साली खंडित उपसंपदा पुन्हा सुरू केली. पण पुढे या सियाम निकायाने ती गोविगम या वरच्या जातीपुरतीच ठेवली. इतरांना त्यासाठी ब्रह्मदेश गाठावा लागला. त्यातून अमरपुर निकाय झाला. मिरवणुकीतले ढोल परंपरेने वाजवतात बेरव जातीचे लोक. दंतधातूपुढे त्यांचा ढोल चालतो, चीवर मात्र चालत नाही.