कौटुंबिक कॅमेऱ्याची निवड : मेगापिक्सेलचा भ्रम आणि प्रकाशाचे गणित

पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात असलेल्या, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या भैंसा येथील मराठी कुटुंबांत कॅमेरा बाहेर निघतो तो बहुधा घरातल्या प्रसंगी : बासरला अक्षराभ्यास करून आलेल्या मुलाचे औक्षण, गौरींची आरास, लक्ष्मीपूजन, संध्याकाळी लागणारे लग्न. या सर्व प्रसंगी छताखालचा किंवा दिव्यांचा मंद प्रकाश असतो, माणसे हलत असतात आणि क्षण पुन्हा येत नाही. तरीही कॅमेरा घेताना पहिला प्रश्न विचारला जातो तो मेगापिक्सेलचा, आणि निवडीची चूक बहुतेक वेळा तेथेच होते.

डिजिटल छायाचित्र ज्या सूक्ष्म रंगबिंदूंचे बनते त्यांना पिक्सेल म्हणतात, आणि असे दहा लाख बिंदू म्हणजे एक मेगापिक्सेल. अल्बममध्ये लावल्या जाणाऱ्या सहा बाय चार इंचांच्या प्रतीस, प्रत्येक इंचात ३०० बिंदू या उत्तम छपाईच्या मापाने, १८०० गुणिले १२०० म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल पुरतात. ए-४ आकाराच्या प्रतीस सुमारे नऊ लागतात, तर फोर-के दूरचित्रवाणीचा संपूर्ण पडदा ८.३ मेगापिक्सेलमध्ये भरतो. वीस आणि चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत चित्राच्या लांबीचा फरक दहा टक्क्यांहूनही कमी असतो, म्हणून केवळ त्या आकड्यासाठी अधिक पैसे मोजणे व्यर्थ आहे.

खरा भेद सेन्सरच्या आकारात असतो. सेन्सर म्हणजे भिंगातून आलेला प्रकाश टिपून त्याचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारी पट्टिका. जुन्या कॅमेऱ्यात जे काम फिल्म करीत असे ते आता ही पट्टिका करते. खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात तिचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर असते, तर भिंग बदलता येणाऱ्या ‘एपीएस-सी’ वर्गातील कॅमेऱ्यात ते ३३० ते ३७० चौरस मिलिमीटरपर्यंत, म्हणजे बारा-तेरा पट, जाते. क्षेत्रफळ अधिक म्हणून गोळा होणारा प्रकाश अधिक, आणि प्रकाश अधिक म्हणून मंद उजेडातील चित्रात दिसणारे दाणे, ज्यांना छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात, ते कमी. लहान सेन्सरवर मेगापिक्सेल वाढविल्याने प्रकाश वाढत नाही. तो अधिक बारीक वाट्यांत विभागला जातो, एवढेच.

‘मोबाईलपेक्षा कोणताही कॅमेरा चांगलाच’ ही समजूत यामुळेच टिकत नाही. चांगला मोबाईल एकापाठोपाठ अनेक चित्रे टिपून ती एकत्र करतो आणि आपल्या लहान सेन्सरची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. लहान सेन्सरचा स्वस्त कॅमेरा लांबचे दृश्य जवळ आणण्यापलीकडे त्याहून फारसे काही देत नाही. ज्या कुटुंबाकडे असा मोबाईल आहे त्याने एक तर त्यावरच भागवावे, नाही तर थेट मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यावा.

भिंगाचे मोल मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. भिंगातील प्रकाशद्वार किती उघडते हे ‘एफ’ क्रमांकाने सांगतात आणि क्रमांक जितका लहान तितके द्वार मोठे. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सचे द्वार झूम पूर्ण वाढविल्यावर साधारणपणे एफ ५.६ एवढेच उघडते, तर एफ १.८ च्या भिंगातून त्याच्या नऊ पटींहून अधिक प्रकाश आत येतो, म्हणून शटर तितके झटपट उघडझाप करू शकते आणि धावते मूलही स्पष्ट उमटते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग लहान खोलीत फार जवळचे ठरते. घरासाठी ३५ मिलिमीटर अधिक सोयीचे. फ्लॅशवर फार विसंबू नये, कारण त्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो : दोन मीटरवर जेवढा पोहोचतो त्याच्या नवव्या हिश्श्याएवढाच सहा मीटरवर, म्हणजे मंडपाच्या मागच्या रांगेतून वधूवरांपर्यंत जवळपास काहीच नाही. डिजिटल झूम हा तर झूमच नव्हे. तो चित्राची कड कापून उरलेला भाग मोठा करतो, आणि दुप्पट झूमला बारा मेगापिक्सेलचे तीनच उरतात.

हवामानाचाही विचार हवा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअसपर्यंत दिलेली असते, आणि या भागातील मे महिना ती सहज ओलांडतो, तेव्हा बंद मोटारीत कॅमेरा ठेवणे धोक्याचे. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

सर्वांत घातक गैरसमज मात्र जतनाविषयीचा आहे : मेमरी कार्डावर आहे म्हणजे चित्र सुरक्षित आहे. याच प्रदेशावर राज्य करणाऱ्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ मध्ये निवर्तले, आणि त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आजही संग्रहांत पाहायला मिळतात; डिजिटल चित्र मात्र कार्ड बिघडताच किंवा मोबाईल हरवताच एका क्षणात नाहीसे होते. म्हणून प्रत्येक चित्राच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी, निवडक चित्रे छापून घ्यावीत, आणि कॅमेऱ्यासाठी पैसे बाजूला काढताना त्यांतच एका हार्ड डिस्कची किंमत धरावी.